कॅप्सूल एंडोस्कोपीत लहान आतड्याचा दाह दिसला, तर पुढच्या वर्षांत काय होते?

आपण दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे सगळे तिच्याच आधाराने वाचता येईल. आपले वय चौतीस आहे. वर्षभरापासून शरीरात लोह कमी आहे, अधूनमधून बेंबीच्या आसपास कळ येते आणि वजन दोन-तीन किलोंनी उतरले आहे. जठराची आणि मोठ्या आतड्याची एंडोस्कोपी स्वच्छ निघाली, म्हणून कॅप्सूल एंडोस्कोपी, म्हणजे गोळीसारखा गिळायच्या कॅमेऱ्याची तपासणी, झाली. तिच्यात जेजुनमच्या (लहान आतड्याचा मधला भाग) खालच्या भागात आणि इलियममध्ये (त्याचा शेवटचा भाग) विखुरलेले लहान व्रण व सूज दिसली. दाह किती आहे ते मोजणारा लुईस स्कोअर ४५० आला आणि अहवालाच्या शेवटी ‘क्रोन्सशी सुसंगत’ असा शेरा आहे; क्रोन्स म्हणजे आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाहाचा आजार. गुडघेदुखीसाठी आपण कित्येक महिने वेदनाशामक गोळ्या घेत होता, हेही आपण ओघात लिहिले आहे. आपला प्रश्न असा की, दहा-वीस वर्षांनी या आतड्याचे काय होईल, शस्त्रक्रिया अटळ आहे का आणि जोरदार औषधे आजच सुरू करावीत का.

यात खरे तर दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. हा दाह कशामुळे झाला, हा पहिला. आणि तो क्रोन्सचाच असेल तर त्याची वाटचाल कशी होईल, हा दुसरा. आपण दुसऱ्या प्रश्नाच्या काळजीत आहात, परंतु पहिल्याचे उत्तर अजून मिळालेले नाही. भवितव्य ठरते ते आजाराच्या कारणावरून. एकसारखे दिसणारे व्रण एका माणसात गोळ्या बंद केल्यावर काही आठवड्यांत भरून येतात, तर दुसऱ्यात पाच वर्षांनी आतडे अरुंद करून ठेवतात. त्यामुळे ‘दाह दिसला, आता पुढे काय’ या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे एक उत्तर कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकणार नाही.

कॅप्सूल नेमके काय सांगते, हे आधी स्पष्ट करतो. साधारण २६ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर रुंद असा हा कॅमेरा आठ ते बारा तासांच्या प्रवासात पन्नास हजारांच्या आसपास छायाचित्रे टिपतो. २००१ साली ही तपासणी प्रत्यक्ष वापरात येईपर्यंत लहान आतड्याचा मधला भाग पाहण्याची इतकी सोपी सोय नव्हती. मात्र कॅप्सूल फक्त अंतस्त्वचा, म्हणजे आतड्याचे आतले अस्तर, दाखवते. तिला तुकडा काढता येत नाही, भिंतीची जाडी कळत नाही आणि आतड्याबाहेर गळू आहे की नाही हेही दिसत नाही. शिवाय ती अतिशय बारीक गोष्टी पकडते. कोणतीही तक्रार नसलेल्या आणि वेदनाशामके न घेणाऱ्या निरोगी स्वयंसेवकांतही दहांपैकी एकाच्या आसपास लहान ओरखडे किंवा अंतस्त्वचेतील छेद आढळले आहेत. म्हणून एक-दोन बारीक व्रणांच्या आधारावर कोणालाही आयुष्यभराचा रोगी ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे.

लुईस स्कोअर २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीन गोष्टी मोजतात: आतल्या अस्तरावरील बारीक अंकुरांची सूज, व्रण आणि अरुंदपणा. १३५ पेक्षा कमी आकडा म्हणजे दाह नाही किंवा नगण्य आहे, १३५ ते ७९० म्हणजे सौम्य आणि त्यापुढे मध्यम ते तीव्र, असे मानतात. आपला ४५० हा आकडा सौम्य गटाच्या मधोमध येतो. तो दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही आणि घाबरून जाण्याइतका मोठाही नाही. या स्कोअरमधून दाह किती आहे ते कळते, तो कशाचा आहे ते कळत नाही. ‘क्रोन्सशी सुसंगत’ हा शेराही तसाच वाचावा. चित्र क्रोन्समध्ये दिसते तसे आहे, एवढाच त्याचा अर्थ. तसेच चित्र इतर काही आजारांतही दिसते, हे त्या ओळीत लिहिलेले नसते.

आता त्या वेदनाशामक गोळ्यांकडे वळतो, कारण आपल्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला तपशील तोच आहे. डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, आयबुप्रोफेन या गटातील औषधे जठराला त्रास देतात हे सगळ्यांना माहीत असते. ती लहान आतड्यालाही तितकाच त्रास देतात, हे कॅप्सूल आल्यावर नीट उमगले. एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना दोन आठवडे डायक्लोफेनॅक आणि सोबत आम्ल कमी करणारे ओमेप्राझोल दिले, तेव्हा जवळपास दोनतृतीयांश जणांच्या लहान आतड्यात नवे घाव दिसले. दुसऱ्या एका अभ्यासात ही औषधे तीन महिन्यांहून अधिक काळ घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के जणांत इजा आढळली आणि न घेणाऱ्यांत १० टक्के. सोबत घेतलेली ॲसिडिटीची गोळी जठर वाचवते, मात्र लहान आतड्याचे रक्षण करत नाही. तिथल्या जिवाणूंचे संतुलन बदलून ती नुकसान वाढवू शकते, असे संकेतही आहेत. रुग्ण मला अनेकदा सांगतात की, ‘मी गोळी रिकाम्या पोटी कधीच घेतली नाही.’ लहान आतड्याच्या बाबतीत त्याने विशेष फरक पडत नाही, कारण औषधाचा परिणाम रक्तातून आणि पित्तातूनही तिथे पोहोचतो.

म्हणूनच कॅप्सूल तपासणीपूर्वी किमान चार आठवडे ही औषधे बंद ठेवण्याचा सल्ला दिला जातो. आपण ती केव्हा थांबवली, हे लिहिलेले नाही. तपासणीच्या आठवड्यापर्यंत ती सुरू असतील, तर त्या अहवालावरून क्रोन्सचे निदान करायला मी तयार होणार नाही. अशा वेळी मी गोळ्या पूर्ण बंद करून दोन ते तीन महिने थांबतो, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल सुचवतो आणि त्यानंतर शौचातील कॅलप्रोटेक्टिन (आतड्याच्या दाहात वाढणारे प्रथिन) व रक्तातील हिमोग्लोबिन पुन्हा पाहतो. एक सावधगिरी मात्र हवी. हृदयासाठी किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठी कोणी अल्प मात्रेची ॲस्पिरिन घेत असेल, तर ती स्वतःहून कधीही थांबवू नये; तो निर्णय ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांबरोबर बसूनच व्हावा. दाह या गोळ्यांचाच असेल तर दीर्घकालीन चित्र बहुतेकदा चांगले असते. फार थोड्या रुग्णांत, वर्षानुवर्षे गोळ्या घेतल्यानंतर, आतड्यात पातळ पडद्यासारखी कडी तयार होऊन मार्ग अरुंद होतो. तशी कडी औषधांनी विरघळत नाही. ती फुग्याने रुंदावावी लागते किंवा शस्त्रक्रियेने काढावी लागते.

याच गुडघ्याविषयी आणखी एक शक्यता सांगायला हवी. आतड्याचा दाह आणि सांध्यांचा दाह हे अनेकदा एकाच आजाराचे दोन चेहरे असतात. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक काळ कंबर किंवा सांधे आखडलेले राहत असतील आणि हालचालीने बरे वाटत असेल, टाच दुखत असेल, डोळा वारंवार लाल होऊन दुखत असेल, त्वचेवर सोरायसिस असेल किंवा घरात कोणाला असे काही असेल, तर ते आपल्या डॉक्टरांना जरूर सांगा. तसे असल्यास गोळ्यांमुळे आतडे सुजले की आतडे आणि गुडघा एकाच कारणाने सुजले, हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर संधिवाततज्ज्ञांच्या मदतीशिवाय मिळत नाही.

उरलेल्या कारणांपैकी क्षयरोगाला मी सर्वांत वर ठेवतो. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स यांचे व्रण इतके सारखे दिसू शकतात की, अनुभवी डोळाही फसतो. उपचार मात्र जवळजवळ विरुद्ध आहेत. क्षयरोग असताना स्टेरॉइड किंवा टीएनएफ हा दाह वाढवणारा घटक रोखणारी औषधे दिली, तर जंतू शरीरभर पसरण्याचा धोका असतो. ताप, रात्रीचा घाम, छातीच्या चित्रातील जुने डाग, पोटातील मोठ्या व मध्यभागी मृत झालेल्या लसिकाग्रंथी यांचा शोध त्यासाठीच घेतात. योग्य उपचार मिळाल्यास आतड्याचा क्षयरोग पूर्ण बरा होतो. मागे राहिलाच तर भरून आलेल्या व्रणाचा अरुंदपणा राहतो. येर्सिनियासारख्या जंतूंचा संसर्ग काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. सिलिॲक आजारात (गव्हातील ग्लुटेन न सोसण्याचा आजार) रक्तातील प्रतिपिंडे आणि पक्वाशयातील, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील, तुकडा निदान करतात. बेशे आजार, रक्तवाहिन्यांचा दाह, लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग) ही कारणे विरळ आहेत. परंतु उपचार चालू असूनही व्रण भरत नसतील तर त्यांची आठवण ठेवावीच लागते.

निदान पक्के करण्यासाठी आपल्या बाबतीत पुढची पायरी कोणती असावी? मोठ्या आतड्याच्या तपासणीत इलियमच्या शेवटच्या टोकात दुर्बीण नेली होती का आणि तिथले तुकडे घेतले होते का, हे आधी पाहा. ‘स्वच्छ कोलोनोस्कोपी’ या शब्दांत हा तपशील पुष्कळदा हरवतो. त्यानंतर एमआर एंटेरोग्राफी, म्हणजे लहान आतड्याची एमआरआय तपासणी, जिच्यात भिंतीची जाडी, अरुंद जागा आणि आतड्याबाहेरचा पसारा दिसतो. कुशल हात उपलब्ध असेल तर आतड्याची सोनोग्राफीही उत्तम माहिती देते. व्रण दुर्बिणीच्या आवाक्यात असतील आणि शंका राहत असेल, तर बलून एंटेरोस्कोपीने (फुग्याच्या मदतीने लहान आतड्यात खोलवर नेलेल्या दुर्बिणीने) थेट तिथला तुकडा घेता येतो. ती दमवणारी तपासणी आहे, त्यामुळे प्रत्येकाला ती सांगू नये. पण क्षयरोग, लिम्फोमा आणि क्रोन्स यांपैकी निवड करायची असेल तेव्हा ती टाळू नये. कॅलप्रोटेक्टिन उपयुक्त असले तरी फक्त लहान आतड्यात दाह असेल तर ते कधीकधी मर्यादेतच राहते, आणि वेदनाशामकांनी ते वाढूही शकते, हे ध्यानात असू द्या.

इथवरच्या विवेचनावरून माझ्यासमोर येणाऱ्या रुग्णांचे ढोबळमानाने तीन प्रवाह दिसतात. पहिल्यात बाह्य कारण सापडते, ते दूर केले की आतडे बरे होते आणि पुढची वर्षे निर्वेध जातात. दुसऱ्यात कारण सापडत नाही, तक्रारी थोड्या किंवा नाहीतच, रक्त व शौचाच्या तपासण्या जवळपास ठीक असतात. यांपैकी बहुतेकांत आजार पुढे सरकत नाही, पण काही जणांत पहिल्या काही वर्षांतच क्रोन्स स्पष्ट होतो, म्हणून त्यांना औषधाविना पण नजरेखाली ठेवावे लागते. तिसऱ्यात लोह कमी, वजन कमी, दाहाच्या खुणा वाढलेल्या आणि गोळ्या थांबवूनही व्रण कायम असतात; तिथे क्रोन्सचे निदान बहुधा खरे ठरते. आपल्याला लोहाची कमतरता आणि वजनातली घट असल्यामुळे मी आपल्याला दुसऱ्या प्रवाहात सहज ढकलणार नाही. पहिला की तिसरा, हे येत्या काही महिन्यांत ठरेल.

तो क्रोन्सच निघाला तर काय, हा आपल्या मनातला मूळ प्रश्न. क्रोन्सचा दाह अंतस्त्वचेपुरता थांबत नाही, तो भिंतीच्या सर्व थरांतून आरपार जातो. सुरुवातीला भिंत सुजलेली आणि मऊ असते व औषधांना प्रतिसाद देते. दाह वर्षानुवर्षे धुमसत राहिला की दुरुस्तीच्या नावाखाली तिथे तंतुमय ऊती साचतात, मार्ग कडक आणि अरुंद होतो. किंवा व्रण खोल जाऊन शेजारच्या अवयवाशी मार्ग तयार करतो, गळू होते. दाह औषधाने विझतो, साचलेला तंतू मात्र आजच्या कोणत्याही औषधाने नीटसा परत जात नाही. दीर्घकालीन परिणामांची सारी गोष्ट या एका फरकावर उभी आहे.

आकडे सांगायचे तर, लोकसंख्येवर आधारित जुन्या अभ्यासांत निदानानंतर वीस वर्षांत साधारण निम्म्या रुग्णांत अरुंदपणा किंवा भिंत भेदून तयार झालेल्या मार्गासारखी गुंतागुंत झालेली दिसली, आणि दहा वर्षांत आतड्याच्या शस्त्रक्रियेची वेळ येणाऱ्यांचे प्रमाणही निम्म्याच्या जवळ होते. हे आकडे वाचून धसका घेऊ नका. त्यांतले पुष्कळसे रुग्ण परिणामकारक औषधे येण्यापूर्वीचे किंवा ती उशिरा मिळालेले आहेत. अलीकडच्या काळात निदान झालेल्यांत शस्त्रक्रियेचे प्रमाण घटत आले आहे. शिवाय त्या काळी निदान होई ते तक्रारी वाढल्यावर. कॅप्सूलने सौम्य अवस्थेत पकडलेला आजार आणि तो आजार एकाच मापाने मोजता येणार नाही. उलट बाजूही सांगतो. जेजुनममध्ये पसरलेल्या क्रोन्समध्ये अरुंदपणा आणि शस्त्रक्रिया यांचे प्रमाण फक्त इलियमपुरत्या आजारापेक्षा अधिक आढळले आहे. धूम्रपान, लहान वयात सुरुवात, खोल व्रण, गुदद्वाराभोवतीचा आजार आणि सुरुवातीलाच स्टेरॉइडची गरज, या गोष्टी वाटचाल बिघडवतात. यांतली आपल्या हातात असलेली एकच बाब धूम्रपानाची आहे. आपण ओढत असाल तर ते सोडण्याचा परिणाम एखाद्या औषधाच्या तोडीचा असतो.

एका मुद्द्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण इथेच सर्वाधिक नुकसान होताना पाहतो. लहान आतड्याचा दाह बराच काळ न दुखता चालू राहू शकतो. रुग्णाला बरे वाटते, तो औषध सोडतो, तपासणीला येत नाही आणि दोन-तीन वर्षांनी जेवणानंतर पोट फुगून उलटी होते तेव्हा अरुंदपणा होऊन गेलेला असतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तक्रारी नसलेल्या क्रोन्सच्या रुग्णांची कॅप्सूल तपासणी करून त्यांच्यावर दोन वर्षे लक्ष ठेवले गेले. ज्यांचा लुईस स्कोअर ३५० किंवा त्याहून अधिक होता, त्यांच्यात आजार पुन्हा उसळण्याचे प्रमाण बरेच जास्त निघाले. पुढे त्याच धर्तीच्या एका लहान चाचणीत, असा स्कोअर असलेल्यांचे उपचार तक्रारींची वाट न पाहता वाढवले, तेव्हा आजार उसळण्याचे प्रमाण कमी झाले. म्हणून ‘आता कसे वाटते’ एवढाच प्रश्न विचारून समाधान मानू नये. दाह खरोखर विझला आहे का, हे ठराविक अंतराने मोजून पाहावे लागते.

मग जोरदार औषधे आजच का नकोत? हा आपला तिसरा प्रश्न रास्त आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रोफाइल या चाचणीत, नव्याने निदान झालेल्या क्रोन्सच्या रुग्णांना सुरुवातीपासून इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ रोखणारे जैविक औषध आणि प्रतिकारशक्ती नियंत्रित करणारे औषध एकत्र दिले, तेव्हा वर्षाअखेर स्टेरॉइडशिवाय व शस्त्रक्रियेशिवाय आजार शांत राहणाऱ्यांचे प्रमाण ७९ टक्के होते. पायरीपायरीने औषध वाढवलेल्या गटात ते १५ टक्के होते. हा फरक फार मोठा आहे आणि त्याने माझी स्वतःची उपचारपद्धतीही बदलली आहे. परंतु ते सगळे रुग्ण निदान पक्के झालेले आणि आजार सक्रिय असलेले होते. आपले निदान पक्के नाही. स्कोअर सौम्य आहे; एमआरमध्ये अरुंदपणा दिसला नाही आणि ताप नसेल, तर आठ-बारा आठवडे गोळ्या बंद ठेवून निदानाची खात्री करून घेण्यात आपण काही गमावत नाही. चुकीच्या निदानावर जैविक औषध सुरू केल्यास मात्र गमावण्यासारखे पुष्कळ आहे. निदान झाल्यावर रेंगाळू नये, हेही तितकेच खरे. सुरुवातीपूर्वी सुप्त क्षयरोग आणि हिपॅटायटिस बी यांच्या तपासण्या व्हायलाच हव्यात.

आपल्याला दोन औषधे सुचवली जाण्याची शक्यता आहे, म्हणून त्यांच्याविषयी माझे मत नोंदवतो. लहान आतड्याच्या क्रोन्समध्ये मेसालामिन या दाहशामक औषधाचा उपयोग फारसा सिद्ध झालेला नाही. वर्षानुवर्षे त्यावर ठेवलेला रुग्ण उपचार चालू असल्याच्या समाधानात राहतो आणि आजार आपले काम करत राहतो. ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड इलियम आणि उजव्या मोठ्या आतड्यात मोकळे होईल अशा रीतीने बनवलेले असते, त्यामुळे जेजुनममधील व्रणांपर्यंत त्याचा प्रभाव पोहोचेल अशी अपेक्षा धरू नये. कोणतेही स्टेरॉइड आग शमवण्यासाठी असते. कायमच्या देखभालीसाठी नाही. आजार इलियमच्या शेवटच्या छोट्या भागापुरता मर्यादित असेल, तर लवकर केलेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया हा औषधांच्या तोडीचा पर्याय ठरतो. आपल्या विखुरलेल्या व्रणांना तो लागू नाही, परंतु शस्त्रक्रिया म्हणजे हार असे समजू नये.

दीर्घकाळात पोषणाकडे लक्ष द्यावे लागते. ब१२ जीवनसत्त्व इलियमच्या शेवटच्या भागातच शोषले जाते, म्हणून वर्षातून एकदा त्याची पातळी पाहावी. दाह सक्रिय असताना तोंडावाटे घेतलेले लोह नीट शोषले जात नाही, तेव्हा शिरेतून दिलेले लोह अधिक उपयोगी पडते. ड जीवनसत्त्व आणि, स्टेरॉइड झाले असल्यास, हाडांची घनताही तपासावी. कर्करोगाची भीती आपण एका ओळीत व्यक्त केली आहे. लहान आतड्याचा कर्करोग क्रोन्समध्ये इतरांपेक्षा अधिक आढळतो हे खरे, पण मुळात तो इतका विरळ आहे की, प्रत्यक्ष धोका थोडाच राहतो.

कॅप्सूल पुन्हा करायची वेळ आली, तर आधी मार्ग मोकळा असल्याची खात्री करावी. क्रोन्स सिद्ध झालेल्यांत कॅप्सूल अडकण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून काही काळाने आपोआप विरघळणारी चाचणी-कॅप्सूल आधी देतात किंवा एमआर एंटेरोग्राफी करतात. मागची कॅप्सूल शरीराबाहेर पडल्याची खात्री झाल्याशिवाय एमआर तपासणीला जाऊ नका. उपचार सुरू झाल्यास साधारण सहा ते बारा महिन्यांनी आतड्याची पुन्हा पाहणी व्हावी आणि मधल्या काळात दर तीन-चार महिन्यांनी कॅलप्रोटेक्टिन व सीआरपी (रक्तातील दाहाची खूण) पाहावे.

पुढच्या भेटीची वाट न पाहता तातडीने दाखवण्याची लक्षणे अशी आहेत: पोट फुगून सतत उलट्या होणे आणि वायू सरणे थांबणे, ताप येऊन पोटात एका जागी तीव्र दुखणे, काळे किंवा रक्तमिश्रित शौच, आणि पाहता पाहता उतरणारे वजन. यांतले काही नसेल, तर गेल्या सहा महिन्यांत घेतलेल्या प्रत्येक गोळीचे नाव आणि ती थांबवल्याची तारीख लिहून डॉक्टरांकडे घेऊन जा. छापील अहवालासोबत कॅप्सूलचे मूळ चित्रीकरणही मागून ठेवा. एकच चित्रीकरण दोन तज्ज्ञ वेगळे वाचू शकतात, तरुण वयात इलियममध्ये सहज आढळणाऱ्या लसिकाग्रंथींच्या गाठी व्रण समजल्या जाण्याची शक्यता असते, आणि पुढच्या वर्षीच्या तपासणीशी तुलना करायची तर आकड्यापेक्षा ते चित्रीकरणच अधिक कामी येते.